परदेशी जाणारे कागद : शिक्का कोणाचा, कोठे आणि कशासाठी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह दरवर्षी असतो आणि दरवर्षी मी काही ना काही सबब सांगून तो टाळत आलो. यंदा टाळावेसे वाटले नाही. याचे कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे, आणि तीच प्रथम सांगतो.

आपल्या एका सभासदाची मुलगी नर्सिंगची पदविका घेऊन चांगल्या रुग्णालयात काम करीत होती. तिला आखातातील एका रुग्णालयातून नेमणुकीचे पत्र आले. सर्व प्रमाणपत्रे 'अटेस्टेड' करून चाळीस दिवसांच्या आत पाठवावीत, अशी पत्रात अट होती. तिचे वडील ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. मी शासकीय नोकरीत बत्तीस वर्षे काढलेली. साक्षांकन म्हणजे काय हे मला कोणी सांगावे? मी म्हणालो, झेरॉक्स काढा, कोर्टाबाहेर नोटरी बसतात त्यांच्याकडून शिक्के मारून घ्या आणि पाठवून द्या. त्यांनी तसे केले. तीन आठवड्यांनी सगळा गठ्ठा परत आला. हे शिक्के आम्हाला चालत नाहीत, असे दोन ओळींचे पत्र सोबत होते. मग धावपळ सुरू झाली. मूळ प्रमाणपत्रांवर आधी राज्याचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी त्या देशाच्या वकिलातीचा असे तीन शिक्के लागतात, हे तेव्हा कळले. त्यात मुलीची पदविका लॅमिनेट केलेली! प्लॅस्टिकवर शिक्का कोण मारणार? दुसरी प्रत मिळवण्यासाठी अर्ज केला, ती येईपर्यंत मुदत टळली आणि ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मुलगी अजूनही भेटली की 'काका' म्हणून हसून बोलते. वडील मात्र त्या विषयावर काही बोलत नाहीत, आणि त्याचे मला जास्त वाईट वाटते.

त्यानंतर या विषयाची माहिती मी जिद्दीने गोळा केली. ती इथे देत आहे.

मुळात असे शिक्के लागतात तरी का, हे आधी समजून घेऊ. गावचा पोलीस पाटील एखाद्या कागदावर सही करतो. ती सही तहसीलदार कचेरीत ओळखतात, कारण पोलीस पाटील कोण हे त्यांना माहीत असते. तहसीलदाराची सही जिल्हाधिकारी कार्यालयात ओळखतात. पण लंडनच्या किंवा टोकियोच्या कार्यालयातील कारकुनाला आपल्या नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू निबंधकाची सही ओळखू येण्याचे काहीच कारण नाही. समोरचा कागद खऱ्या अधिकाऱ्याने दिला की कोणी घरी छापला, हे तो कसे ठरवणार? म्हणून ओळखीची एक साखळी तयार करावी लागते. खालच्या अधिकाऱ्याच्या सहीची ग्वाही वरचा देतो, त्याच्या सहीची ग्वाही त्याच्या वरचा, आणि शेवटची ग्वाही देणारा असा असतो की ज्याची नमुना सही परक्या देशाच्या दप्तरी ठेवलेली आहे. नोटरी हा या साखळीतील अगदी पहिला दुवा, आणि तोही काही ठरावीक कागदांपुरताच. माझी चूक नेमकी इथे झाली. पहिला दुवा हीच पूर्ण साखळी, असे मी समजलो.

देशातल्या देशात आपल्याला याचा विसर पडतो, कारण इथे गोष्टी सोप्या होत गेल्या आहेत. पूर्वी सत्यप्रतीसाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहावे लागे. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये स्वयं-साक्षांकन मान्य केले. आता बहुतेक अर्जांसोबत आपणच आपल्या प्रतीवर सही करून चालते. ही सोय उत्तमच आहे. परंतु सीमेपलीकडे तिचा काडीचाही उपयोग नाही, हे विद्यार्थ्यांनी पक्के लक्षात ठेवावे.

हेगचा करार आणि अपोस्टिल

शिक्क्यांची ही लांबलचक साखळी सर्वच देशांना जाचक होती. म्हणून नेदरलँड्समधील हेग येथे 5 ऑक्टोबर 1961 रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. 24 जानेवारी 1965 पासून तो अमलात आला. कराराचे सार असे : सामील झालेल्या प्रत्येक देशाने आपल्याकडे एक किंवा अधिक अधिकारी नेमावेत, त्यांनी कागदावर ठरावीक नमुन्याचे एकच प्रमाणपत्र जोडावे, आणि बाकीच्या सभासद देशांनी ते पाहिल्यावर वकिलातीचा शिक्का मागू नये. या प्रमाणपत्राला 'अपोस्टिल' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. प्रमाणपत्राचे शीर्षक कोणत्याही देशात फ्रेंच भाषेतच असले पाहिजे, असा करारातच नियम आहे.

भारताने या करारात सामील होण्याचा दस्त 26 ऑक्टोबर 2004 रोजी दिला आणि 14 जुलै 2005 पासून करार आपल्याला लागू झाला. आपल्याकडे अपोस्टिल देण्याचा अधिकार परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाचा आहे. मूळ प्रमाणपत्राच्या पाठीमागे मंत्रालयाचे संगणकावर छापलेले चौकोनी स्टिकर चिकटवले जाते. त्यावर दहा रकाने असतात : देशाचे नाव, कागदावर सही कोणाची, तो कोणत्या पदावर होता, कागदावर शिक्का कोणाचा, कोठे प्रमाणित केले, कधी केले, कोणी केले, क्रमांक काय, मंत्रालयाचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही. त्यातील क्रमांकाला महत्त्व आहे. परदेशातील माणूस तो क्रमांक घेऊन हे स्टिकर खरोखर दिलेले आहे की नाही हे पडताळून पाहू शकतो. स्टिकर सोलून दुसऱ्या कागदावर लावण्याचा उद्योग करणाऱ्यांची गाठ या क्रमांकाशी पडते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे भल्या-भल्यांचा घोटाळा होतो. कागदात लिहिलेला मजकूर खरा आहे, असे अपोस्टिल सांगत नाही. सही करणारा माणूस खरोखर त्या पदावर होता आणि सही-शिक्का त्याचाच आहे, एवढेच ते सांगते. जन्मतारीख चुकीची नोंदली असेल तर अपोस्टिल लागल्यावरही ती चुकीचीच राहते. तसेच पदवीवर अपोस्टिल लागले म्हणून परदेशातील विद्यापीठाने किंवा परिचर्या परिषदेने ती आपल्या पदवीच्या तोडीची मानावी, असेही नाही. समकक्षता हा निराळा विषय, त्याचा अर्ज निराळा आणि त्याचे शुल्कही निराळे. ब्रिटनमध्ये गेलेल्या आपल्या एका विद्यार्थ्याने 'अपोस्टिल आहे ना, मग नोंदणी का नाही?' असा वाद तिथे घातला होता. वाद घालण्याची सवय चांगली, पण मुद्दा चुकीचा होता.

देश कोणता, त्यावर वाट ठरते

सव्वाशेहून अधिक देश आज या करारात आहेत. ब्रिटन सुरुवातीपासून, जपान 1970 पासून, अमेरिका 1981 पासून, ऑस्ट्रेलिया 1995 पासून. दक्षिण कोरियात 2007 मध्ये, सिंगापूरमध्ये 2021 मध्ये तो लागू झाला. कॅनडा बरीच वर्षे बाहेर होता. तेथे 11 जानेवारी 2024 पासून करार लागू झाला. म्हणजे कॅनडाला जाणाऱ्या एखाद्या मावसभावाने पाच-सहा वर्षांपूर्वी कसे केले, हे आज विचारून उपयोग नाही. वाट बदललेली असते.

आखाताच्या बाबतीत तर सगळ्यांना एकच नियम, असे समजूच नये. ओमानमध्ये करार 2012 पासून, बहरीनमध्ये 2013 च्या अखेरीपासून आणि सौदी अरेबियात डिसेंबर 2022 पासून लागू आहे. संयुक्त अरब अमिरात, कतार आणि कुवेत या देशांसाठी मात्र जुनी वाट धरावी लागते : राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन, आणि मग त्या देशाच्या भारतातील वकिलातीचा शिक्का. तिथे पोचल्यावर तेथील परराष्ट्र खात्याचाही शिक्का लागतो. वकिलातीचे शुल्क आपल्या मंत्रालयाच्या शुल्काच्या मानाने फार जड असते, तेव्हा खर्चाचा अंदाज आधीच घ्यावा. अर्ज करण्याच्या दिवशी हेग परिषदेच्या संकेतस्थळावरील देशांची यादी पाहून घ्यावी. आमच्या वाचनालयातील मुले ती दोन मिनिटांत काढून देतात.

आणखी एक बारकावा. एखाद्या नव्या देशाच्या प्रवेशाला दुसरा सभासद देश हरकत घेऊ शकतो, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारत सामील होताना जर्मनीने अशी हरकत घेतली होती. म्हणून यादीत जर्मनीचे नाव दिसते तेवढ्यावरून आपल्या कागदाला तिथे अपोस्टिल चालेल, असे धरू नये. जर्मनीला शिकायला जाणारी मुले आता पुष्कळ आहेत. त्यांनी पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या वकिलातीच्या सूचना वाचाव्यात.

आपल्या राज्यातील पायऱ्या

कागदांचे ढोबळमानाने तीन वर्ग आहेत. शैक्षणिक, म्हणजे पदवी, पदविका, गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला. वैयक्तिक, म्हणजे जन्म, विवाह, मृत्यू यांचे दाखले, प्रतिज्ञापत्रे, मुखत्यारपत्रे. आणि व्यापारी कागद. शैक्षणिक कागदांचे पहिले प्रमाणीकरण राज्याच्या शिक्षण खात्याकडून, वैयक्तिक कागदांचे गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून, व्यापारी कागदांचे चेंबर ऑफ कॉमर्सकडून. त्यानंतर कागद परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. जुलै 2012 पासून मंत्रालय हे कागद लोकांकडून थेट घेत नाही. त्यासाठी नेमलेल्या एजन्सींकडे द्यावे लागतात. पूर्वी सर्वांचे कागद दिल्लीलाच जात. 2019 पासून हे काम मुंबईसह इतर शहरांतील मंत्रालयाच्या कार्यालयांतही होते, त्यामुळे आपला त्रास बराच कमी झाला आहे. अपोस्टिलचे मंत्रालयाचे स्वतःचे शुल्क दर कागदाला 50 रुपये आहे. एजन्सीचे सेवाशुल्क त्याशिवाय.

हा आकडा मुद्दाम दिला. एका कागदामागे काही हजार रुपये मागणारे दलाल पुष्कळ आहेत. ते सगळेच लबाड आहेत असे मी म्हणत नाही. कोणी नागपूरहून, नांदेडहून दोनदा मुंबईला फेऱ्या मारण्यापेक्षा पैसे देऊन मोकळा होतो, तर त्यात गैर काही नाही. पण पैसे कशाचे देतो आहोत हे कळले पाहिजे. शिवाय पुष्कळ दलाल राज्याच्या प्रमाणीकरणाऐवजी दिल्लीतील उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का घेऊन पुढे जातात. काही ठिकाणी ते चालते, पण काही देश आणि काही मालक शैक्षणिक कागदावर राज्याच्या शिक्षण खात्याचाच शिक्का मागतात. दलालाला पहिला प्रश्न हाच विचारावा : राज्याचा शिक्का घेणार की दिल्लीचा? त्याचे उत्तर गुळमुळीत आले तर कागद परत घ्यावेत.

2017 पासून 'ई-सनद' नावाची व्यवस्था सुरू झाली आहे. ज्या मंडळांनी व विद्यापीठांनी आपल्या नोंदी संगणकावर जोडून दिल्या आहेत, त्यांच्या प्रमाणपत्रांची तपासणी कागद न फिरवता होते. आपली संस्था त्यात आहे की नाही, हे आधी पाहावे. असल्यास निम्मी दगदग वाचते.

नोटरीबद्दल दोन शब्द. प्रतिज्ञापत्र, संमतिपत्र, मुखत्यारपत्र हे खासगी कागद आहेत. हेगचा करार फक्त सार्वजनिक कागदांना लागू होतो : न्यायालयाचे, शासकीय अधिकाऱ्यांचे आणि नोटरीने केलेले. म्हणून खासगी कागदावर आधी नोटरी लागतो, त्यामुळे तो साखळीत शिरतो. पण नोटरी 1952 च्या कायद्याने नेमलेला असावा, त्याने आपल्या नोंदवहीत नोंद करून तिचा क्रमांक कागदावर घालावा, नोटरीचे तिकीट लावावे, आणि सही आपण त्याच्यासमोर करावी. आधीच सह्या करून मुलाच्या हाती गठ्ठा पाठवून द्यायचा आणि नोटरीने मान वर न करता शिक्के मारायचे, हा प्रकार कधी ना कधी अंगलट येतो.

आधी घरातले कागद तपासा

माझा अनुभव असा की, शिक्क्यांपेक्षा मूळ कागदच जास्त अडवतात.

लॅमिनेशनचे सांगितलेच. आपल्या घरांत पहिली पदवी आली की ती प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावायची हौस असते. त्या हौसेमागचे कारण मला कळते. माझ्या वडिलांनी माझे मॅट्रिकचे प्रमाणपत्र काचेच्या फ्रेमीत ठेवले होते. फ्रेम चालेल, पाकीट चालेल, पण लॅमिनेशन करू नका. झालेच असेल तर घरी इस्त्रीने सोडवण्याचा प्रयोग तर मुळीच करू नका. विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज करा आणि तो आजच करा.

दुसरी गोष्ट नावाची. शाळेत आडनाव आधी, पारपत्रात शेवटी. जन्मदाखल्यात वडिलांचे नाव धोंडीबा, शाळेत धोंडिराम. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू. आपल्या लोकांत आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी गावाने किंवा गुरुजींनी जी नावे ठेवली, ती पुढच्या पिढीने बदलली, आणि योग्यच केले. पण बदल एका कागदावर झाला, दुसऱ्यावर राहिला. इथे साहेब समजून घेतो, कारण त्याला या गोष्टी ठाऊक असतात. परदेशातील कारकुनाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे ठरतात. बदल मोठा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी आणि तो अंक जपून ठेवावा. फरक किरकोळ असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र पुष्कळ ठिकाणी चालते. दहावीच्या प्रमाणपत्रातील चूक मात्र शाळेमार्फत मंडळाकडूनच दुरुस्त होते. पारपत्र काढण्यापूर्वी हे सर्व झाले तर उत्तम, कारण पारपत्रातले नाव हेच पुढे सगळीकडे प्रमाण मानले जाते.

जन्मनोंद ही वडीलधाऱ्यांची अडचण. मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला, आईवडिलांना बोलावतो, आणि आईची जन्मनोंद कोठेच नाही. पूर्वी खेड्यातील जन्म-मृत्यू कोतवाल बुकात लिहिले जात. काही नोंदी मोडी लिपीत आहेत, काही वाळवीने खाल्ल्या. नोंद सापडलीच तर तहसील कार्यालयातून उतारा घ्यावा. मोडी असेल तर जाणकाराकडून देवनागरी करून घ्यावी. नोंद नसेल तर घाबरून जाऊन खोट्या तारखेचा दाखला मिळवू नये. निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घेता येते आणि त्यासोबत जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडता येतात. अमेरिकेची वकिलात असा पुरावा विचारात घेते. उशिरा नोंद करण्याचीही तरतूद 1969 च्या कायद्यात आहे. एक वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. 2023 च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आहे.

मराठी दाखल्याचे भाषांतर करावे लागते, तेव्हा मूळ मराठी प्रत आणि इंग्रजी भाषांतर एकत्र जोडलेले असावे, आणि भाषांतर नोटरीने पडताळलेले असावे. नोटरीला तो अधिकार कायद्यानेच आहे. मात्र आजकाल नगरपालिकांचे जन्म-मृत्यूचे दाखले दोन्ही भाषांत निघतात. जुना मराठी दाखला घेऊन भाषांतरकार शोधण्यापेक्षा नवीन दाखला काढणे सोपे पडते.

आणि एक पैसे वाचवण्याची सूचना. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला लागतो. हे कागद शासन आपले आपणच तपासते. परदेशातील विद्यापीठ ते मागत नाही. तरीही काही मुलांनी जातीच्या दाखल्यावर अपोस्टिल करून आणलेले मी पाहिले आहे. त्याची गरज नाही. कोणता कागद कोणाला द्यायचा आहे, हे ठरवून मगच शिक्के घ्यावेत.

विहारातील विवाह

हे जरा स्पष्ट लिहितो, कारण आपल्या संस्थेशी याचा थेट संबंध येतो. आपल्याकडे विहारात विवाह होतात आणि संस्था छापील प्रमाणपत्र देते. त्यावर भन्तेजींची किंवा विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही असते, वधूवरांचे फोटो असतात. नवरा नोकरीनिमित्त परदेशी गेला की पत्नीच्या व्हिसासाठी हेच प्रमाणपत्र पुढे केले जाते आणि ते परत येते. विवाह कायदेशीर नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. बौद्धांचे विवाह 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत येतात आणि आपल्या विधीने झालेला विवाह विवाहच असतो. पण संस्थेचे प्रमाणपत्र हा सार्वजनिक अधिकाऱ्याने दिलेला कागद नाही, म्हणून साखळीचा पहिला दुवाच तयार होत नाही.

उपाय सोपा आहे. महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे महापालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडे नोंद करावी. साक्षीदार आणि विवाह लावणाऱ्याची सही लागते. संस्थेचे प्रमाणपत्र तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडते. विवाहाला दहा वर्षे झाली असली तरी विलंब शुल्क भरून नोंद होते. मात्र साक्षीदार वारले, विधी लावणारे दुसऱ्या गावी गेले, की हेलपाटे वाढतात. विवाह झाला त्याच महिन्यात नोंद करून टाकावी. संस्थेने प्रमाणपत्र देतानाच नोंदणीचा छापील अर्ज हाती द्यावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे दोनदा मांडली आहे. तिसऱ्यांदा इथे मांडतो.

उलट दिशेने येणारे कागद

परदेशातून इकडे येणाऱ्या कागदांत सर्वांत महत्त्वाचे मुखत्यारपत्र. मुलगा लंडनला, गावाकडे वडिलोपार्जित जमिनीचे वाटप किंवा शहरात फ्लॅटची नोंदणी. तो दरवेळी येऊ शकत नाही. तो भावाला किंवा आईला मुखत्यार नेमतो. हे दोन प्रकारे करता येते. एक, तेथील भारतीय उच्चायुक्तालयात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करणे. भारतीय वाणिज्य अधिकाऱ्याला नोटरीसारखे काम करण्याचा अधिकार 1948 च्या कायद्याने आहे. दुसरा प्रकार म्हणजे तेथील नोटरीसमोर सही करून त्यावर त्या देशाचे अपोस्टिल घेणे. ब्रिटनमध्ये ते परराष्ट्र खाते देते. अमेरिकेत त्या त्या राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट यांचे कार्यालय. दस्त नोंदणीसाठी वापरायचे असेल तर 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 33 पाहावे : भारताबाहेर राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्य अधिकारी यांच्यासमोर झालेले चालते. जो भारतातच राहतो त्याला मात्र उपनिबंधकासमोरच जावे लागते. सुट्टीवर घरी आलेल्या मुलाने 'आता मी इथेच आहे, तर कोर्टाबाहेर नोटरी करून जातो' असे केल्यास कामात खोट राहण्याचा संभव असतो. आधी उपनिबंधक कार्यालयात विचारावे.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. दूतावासाचा शिक्का म्हणजे मुद्रांक शुल्क भरले, असे नव्हे. राज्याबाहेर केलेला दस्त महाराष्ट्रात प्रथम पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात मूळ मुखत्यारपत्र न्यावे. ते कधी पोचले याचा पुरावा म्हणून ज्या पाकिटातून आले ते कुरिअरचे पाकीट जपून ठेवावे. मी एका कुटुंबाला रद्दीच्या दुकानात पाकीट शोधायला लावले आहे आणि ते सापडलेही! शुल्क किती, हे दस्तातील अधिकारांवर ठरते. जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याशिवाय दिलेले असेल तर ते अल्प; परक्या माणसाला मोबदला घेऊन विक्रीचे अधिकार दिलेले असतील तर विक्रीखतासारखे जड.

शक्यतो विशिष्ट कामापुरतेच मुखत्यारपत्र द्यावे. गट नंबर, गावाचे नाव, नेमके अधिकार लिहावेत. 'सर्व काही करण्याचा अधिकार' अशी ओळ घालून भाऊबंदकीत आगी लागलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि देणारा मरण पावला की मुखत्यारपत्रही सामान्यतः संपते. त्याच्या मृत्यूनंतर ते वापरून व्यवहार करणे म्हणजे वारसांवर अन्याय आणि स्वतःवर खटला.

शेवटचा प्रकार दुःखाचा आहे, पण लिहायलाच हवा. आखातात कामाला गेलेला माणूस तिथेच वारला तर मालकाकडील शिल्लक पगार, उपदान, विमा यांवर त्याच्या पत्नीचा व मुलांचा हक्क असतो. त्यासाठी इथून वारस प्रमाणपत्र आणि मुखत्यारपत्र पाठवावे लागते. आपल्याकडे वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालय देते, आणि तेही 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठप्रमाणे. दोनशे वर्षांपूर्वीचा कायदा आजही वापरात आहे. मग राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि गरज असेल तर वकिलात, या सर्व पायऱ्या. तेथील मालकाचे कार्यालय किंवा मधला एजंट कोऱ्या कागदावर किंवा अरबी मजकुरावर विधवेची सही मागतो. काही झाले तरी ती करू नये. तेथील भारतीय दूतावासाला कळवावे. मालकाकडून येणे वसूल करून देण्याच्या कामी दूतावास मदत करतो. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने नेमणुकीच्या कराराची, पारपत्राची आणि विम्याच्या कागदाची प्रत घरी ठेवून जावे. हा दहा रुपयांच्या झेरॉक्सचा प्रश्न आहे, पण ती प्रत घरी नसल्याने पत्नीला नवरा नेमका कोणाकडे कामाला होता, हेही सांगता आलेले नाही, असे घडले आहे.

संस्थेच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत मी आणि आमचे दोन वकील सभासद बसतो. कागद पाहून कोणता शिक्का कोठे लागेल ते सांगतो. कसलेही शुल्क नाही. येताना मूळ कागद आणू नयेत, झेरॉक्स आणाव्यात. आणि ज्या देशाने, विद्यापीठाने किंवा मालकाने कागद मागितले त्यांचे मूळ पत्र मात्र जरूर आणावे, कारण मागे ते न वाचताच मी सल्ला दिला होता.